अनुच्चारित अक्षराचा पीळ

इ. स. १७३९ च्या ऑक्टोबर महिन्यात इंग्लंडने स्पेनविरुद्ध युद्ध पुकारल्याचा जाहीरनामा निघाला, तेव्हा लंडनमधल्या चर्चांच्या मनोऱ्यांवरून घंटांचा गजर सुरू झाला आणि लोकांनी रस्तोरस्ती उत्सव मांडला. त्या वेळी राज्यकारभाराची सूत्रे ज्यांच्या हाती होती आणि इंग्लंडचे पहिले पंतप्रधान म्हणून इतिहास ज्यांना ओळखतो, ते सर रॉबर्ट वॉल्पोल मात्र या युद्धाला मनापासून प्रतिकूल होते. जवळजवळ दोन दशके शांततेचे धोरण राखून त्यांनी देशाच्या व्यापाराला बळ दिले होते, आणि लोकमताच्या रेट्यापुढे मान तुकवूनच त्यांनी ही मसलत पत्करली होती. घंटांचा तो निनाद ऐकून, आज हे लोक घंटा वाजवीत आहेत, पण थोड्याच दिवसांत हात पिळीत बसतील, अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे सांगतात. मराठीत आणताच या उद्गाराचे तेज ओसरते, कारण त्याचे मर्म अर्थाइतकेच नादात आहे: घंटा वाजविणे आणि हात पिळणे या दोन क्रियांसाठी इंग्रजीत जी दोन क्रियापदे आहेत, त्यांचा उच्चार एकच, 'रिंग'. कानाला भेद कळत नाही. कागदावर मात्र दुसऱ्या शब्दाच्या आरंभी डब्ल्यू हे अक्षर उभे असते, आणि उत्सव व विलाप यांच्यातले अंतर त्या एका अनुच्चारित अक्षराने राखलेले असते. वॉल्पोल यांचे भाकीत दुर्दैवाने खरे ठरले. १७४१ साली दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरील कार्ताहेना या स्पॅनिश बंदरावर चालून गेलेल्या इंग्रज आरमाराला मोठ्या नामुष्कीने परतावे लागले, तोफांपेक्षा पीतज्वरादी रोगांनीच त्यांतली अधिक माणसे दगावली, आणि पुढल्याच वर्षी स्वतः वॉल्पोल यांना अधिकारपद सोडावे लागले.

'रिंग युअर हँड्स' हा वाक्प्रचार आजही इंग्रजी वृत्तपत्रांच्या अग्रलेखांत, कादंबऱ्यांत आणि संसदेतील भाषणांच्या वृत्तान्तांत नित्य भेटतो, आणि इंग्रजीत लेखन करणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनाही त्याचा मोह पडतो. तो वापरताना प्रमाद घडतात ते दोन प्रकारचे. एक अक्षराचा: डब्ल्यू गळतो आणि शोकाकुल माणूस आपले हात घंटेसारखे वाजवू लागतो. दुसरा आशयाचा: ज्या मनःस्थितीसाठी हा वाक्प्रचार भाषेने राखून ठेवला आहे, तिच्याहून वेगळ्याच मनःस्थितीला तो चिकटविला जातो. पहिला प्रमाद ठळक दिसतो म्हणून त्याचा बोभाटा अधिक होतो. माझ्या मते दुसरा अधिक गंभीर आहे, आणि या लेखाचा रोख मुख्यतः त्याच्याकडे आहे. तथापि अक्षराचा हिशेब आधी चुकता केलेला बरा, कारण त्या अक्षरातच अर्थाचे बीज आहे.

प्राचीन इंग्रजीत हे क्रियापद 'व्रिंगन' असे होते आणि त्याच्या आरंभीचा व्यंजनसंयोग पूर्णपणे उच्चारला जात असे. अर्थ होता पिळणे, आवळणे, दाबून आतले बाहेर काढणे. ओले वस्त्र दोन्ही हातांत धरून आपण त्याला जो पीळ देतो, तीच ही क्रिया. डब्ल्यू आणि आर या अक्षरांच्या जोडीने आरंभ होणारे पुष्कळ इंग्रजी शब्द जवळजवळ ठेवून पाहिले, तर त्यांतून वळणे, मुरडणे आणि वाकणे यांचाच भाव पुन्हापुन्हा डोकावतो: फिरते ते मनगट 'रिस्ट', त्वचेला मुरड पडते ती सुरकुती 'रिंकल', फुलापानांची गुंफलेली चक्राकार माळ 'रीथ', वेदनेने अंग पिळवटणे 'राइद', आणि मूळचा अर्थ 'वाकडे' असलेला, आज 'चूक' या अर्थी चालणारा 'राँग'. घंटेच्या 'रिंग'चे कूळ निराळे. त्याच्या आरंभी एके काळी एच हे अक्षर होते. उच्चार गेला तसे ते अक्षरही गेले. पिळण्याच्या 'रिंग'मधला डब्ल्यूचा उच्चार त्यानंतर कित्येक शतकांनी, साधारणतः सतराव्या शतकाच्या सुमारास लोपला. परंतु विल्यम कॅक्स्टन यांनी १४७६ साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातल्यापासून शब्दांची लेखी रूपे हळूहळू स्थिर होत चालली होती, म्हणून जिभेने सोडलेले ते अक्षर लेखणीने सोडले नाही. मराठी विद्यार्थी वहीत इंग्रजी शब्दाचा उच्चार देवनागरीत टिपून घेतो, तेव्हा हे दोन्ही शब्द 'रिंग' असेच उतरतात आणि कुळाची ती खूण तेथेच पुसली जाते. या शब्दांच्या बाबतीत तरी डोळ्याने पाठ केल्यावाचून गत्यंतर नाही.

भूतकाळी रूपांतही या दोघांची फारकत आहे, आणि तिकडे लक्ष फार थोड्यांचे जाते. घंटा वाजली याला 'रँग'. हात पिळले याला 'रंग', आणि त्याचे धातुसाधित रूपही 'रंग' हेच. 'शी रँग हर हँड्स' असे लिहिणारा डब्ल्यू शाबूत ठेवूनही चुकतो. वचनाकडेही पाहिले पाहिजे. शोकात पिळले जातात ते स्वतःचे आणि दोन्ही हात, म्हणून शब्द बहुवचनी. कोणी दुसऱ्याचा एकच हात 'रिंग' केला, म्हणजे 'ही रंग माय हँड' असे वाक्य आले, तर अर्थ साफ पालटतो: त्या गृहस्थाने माझा हात आपल्या हातात घेऊन मोठ्या आस्थेने, जोराने हलविला, भेटीचा आनंद किंवा कृतज्ञता व्यक्त केली. एका प्रत्ययाच्या आणि एका सर्वनामाच्या फरकाने शोकाचे स्नेहात रूपांतर होते, आणि भाषांतर करणाऱ्याचे अवधान क्षणभर सुटले तर जुन्या मित्रांच्या भेटीचा प्रसंग सांत्वनाचा होऊन बसतो.

आता प्रत्यक्ष क्रियेकडे वळू. शस्त्रक्रियागृहाच्या बंद दारासमोर बाकावर बसलेल्या आप्ताकडे पाहावे. आरंभी हात मांडीवर असतात. दार हलल्याचा भास झाला की बोटे एकमेकांत गुंततात. मग एका हाताची मूठ दुसऱ्या हाताच्या बोटांभोवती आवळते, सांधे पांढरे पडतात, पकड किंचित सुटते आणि दुसरा हात पहिल्याला धरतो. तळव्यावर तळवा घासला जातो, मनगटे उलटसुलट फिरतात, अंगठी असेल तर ती बोटावरच गरगर फिरविली जाते. या साऱ्या हालचालींतून काहीही निष्पन्न होत नाही आणि तरीही त्या थांबत नाहीत, कारण आतला क्षोभ शरीराला काहीतरी कर म्हणून टोचीत असतो आणि करण्यासारखे तर काहीच उरलेले नसते. हातांना काम हवे असते, काम मिळत नाही, म्हणून ते एकमेकांवरच उलटतात. या वाक्प्रचाराचा प्राण माझ्या मते येथे आहे.

ही क्रिया अभ्यासाचा विषय व्हावी असे वाटणारे लोक इंग्लंडात फार पूर्वी झाले. जॉन बुल्वर या वैद्याने १६४४ साली 'कायरोलोजिया' नावाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. हातांची एक नैसर्गिक, सर्व मानवांना समान अशी भाषा आहे, हा त्याचा प्रतिपाद्य विषय, आणि पुढे मूकबधिरांच्या शिक्षणासंबंधी इंग्रजीत आरंभीच्या काळात ज्यांनी लिहिले त्यांत याच बुल्वरची गणना होते. हातांच्या एकेका क्रियेला त्याने लॅटिन नावे दिली. हात पिळण्याला दिलेले नाव 'प्लोरो', म्हणजे मी विलाप करतो. त्याची उपपत्ती अशी की, दुःखाने मेंदू आकुंचित होतो, त्या दाबाने त्यातला ओलावा निघून अश्रुरूपाने डोळ्यांत येतो, आणि मेंदूच्या त्याच पिळवटण्याचा आविष्कार हातांत होतो. शरीरशास्त्राच्या दृष्टीने ही उपपत्ती आज टिकणारी नाही. परंतु अश्रू आणि हातांचा पीळ यांना एकाच दाबाची दोन रूपे मानणाऱ्या या माणसाने माणसे किती निरखून पाहिली असतील, याची साक्ष ती आजही देते.

बुल्वरनंतर दोन शतकांहून अधिक काळ लोटल्यावर, १८७२ साली, चार्ल्स डार्विन यांनी मनुष्य व प्राणी यांच्या भावनाविष्कारांवर जो ग्रंथ लिहिला त्यात पुत्रवियोगाने वेडीपिशी झालेल्या मातेचे वर्णन आहे. ती सैरावैरा फिरते, केस व वस्त्रे ओढते आणि हात पिळते. शेवटल्या क्रियेचे कारण देताना डार्विन यांनी सुचविले की, आता काहीही करणे शक्य नाही ही अंतर्यामीची असहायतेची जाणीव त्यातून प्रकट होत असावी. पुढची पायरीही त्यांनी नोंदविली आहे: करण्यासारखे काही नाही हे पुरते उमगले की शोकाचा उन्माद ओसरतो आणि माणूस निश्चल बसतो किंवा मंदपणे झुलत राहतो. म्हणजे हात पिळणारा माणूस अद्याप निश्चल झालेला नाही. त्याची तडफड जिवंत आहे, परंतु तिला वाट नाही. नुसते दुःख म्हणजे हात पिळणे नव्हे आणि नुसते निष्क्रिय बसणेही नव्हे. क्लेश आणि निरुपाय या दोहोंची जेथे गाठ पडते, तेथेच हा शब्दप्रयोग शोभतो.

शेक्सपिअरच्या नाटकांत हे औचित्य फार काटेकोरपणे पाळलेले दिसते. 'रोमिओ अँड ज्युलिएट'च्या तिसऱ्या अंकात टिबल्टच्या वधाची वार्ता घेऊन दाई येते, तेव्हा ज्युलिएटला ती वार्ता कळण्याआधी हात दिसतात आणि हे हात का पिळतेस असे ती विचारते. अनर्थ होऊन गेलेला आहे, उपाय उरलेला नाही, हे त्या क्रियेनेच आधी कळविले आहे. 'टू जंटलमेन ऑफ व्हेरोना'मध्ये लॉन्स हा नोकर आपल्या प्रयाणाच्या वेळी घरात केवढा आकांत झाला ते सांगताना आई, बाप, बहीण यांच्या रडण्याबरोबर मांजरही हात पिळू लागल्याचे सांगतो, आणि एक कुत्रा तेवढा ढिम्म राहिला अशी त्याची फिर्याद असते. 'हॅम्लेट'मध्ये तर एकाच क्रियापदाचे दोन अर्थ एकमेकांवर आपटले आहेत: आईच्या दालनात पोलोनिअस मरून पडल्यावर भयभीत राणी हात पिळू लागते, तेव्हा हॅम्लेट तिला ते थांबवून खाली बसावयास सांगतो आणि आता मला तुझे हृदय पिळू दे म्हणतो. लेडी मॅक्बेथचे उदाहरण मात्र या मालिकेत पुष्कळ जण चुकीने गोवतात. निद्रेत चालणारी ती राणी हात पिळीत नाही. ती हात धुते. तिच्या दृष्टीने ते एक काम आहे, रक्ताचा डाग काढण्याचे, आणि ते तडीस जात नाही ही तिची शिक्षा. परीक्षकाने वा नटीने या दोन क्रियांची गल्लत केली तर अपराधाच्या ठिकाणी नुसता शोक येऊन बसतो आणि प्रवेशाचा कणाच मोडतो.

कथालेखकांना यातून एक व्यावहारिक तजवीज सुचते. कथेत 'तिने हात पिळले' असे आले की वाचकाला खरेखुरे हात दिसतात. मग त्याच क्षणी तिच्या एका हातात कंदील आणि दुसऱ्यात पत्र असून चालत नाही. असे वाक्य लिहिले की हातांत काय आहे ते एकदा मागे जाऊन पाहावे. दुसरे असे की, एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी रंगभूमीवरील अतिनाट्यांनी आणि त्यांच्या वळणाच्या कादंबऱ्यांनी ही क्रिया इतकी राबविली की ती आता सांकेतिक झाली आहे. एका ग्रंथात एकदा आली तर ती अजूनही भेदून जाते. प्रत्येक प्रकरणात आली तर पात्राच्या दुःखावरचा विश्वास उडतो. अशा वेळी त्या विशिष्ट माणसाचे हात त्या प्रसंगी नेमके काय करीत होते तेच सांगावे. मुलाखतीच्या खोलीबाहेर बसलेला उमेदवार टोपीची कड फिरवीत असेल, गुंडी चाळवीत असेल. त्याची ती अस्वस्थता आहे, शोक नव्हे, आणि तिला इंग्रजीत वेगळे शब्द आहेत. कंटाळलेला, रिकामा माणूस अंगठ्याभोवती अंगठा फिरवितो, त्यालाही वेगळा वाक्प्रचार आहे. तिन्ही ठिकाणी एकच चलन चालविणे हे भाषेच्या श्रीमंतीला शोभत नाही.

क्रियापदापासून बनलेले 'हँड-रिंगिंग' हे नाम, जे मध्ये संयोगचिन्ह घालून लिहिण्याचा परिपाठ आहे, ते मात्र क्रियापदाहून पुष्कळ कठोर झाले आहे. अमुक प्रश्नावर फार 'हँड-रिंगिंग' झाले असे वृत्तपत्रात येते, तेव्हा कोणाचे हात खरोखर पिळले गेले नसतात. चिंता पुष्कळ व्यक्त झाली आणि कृती काहीच झाली नाही, असा तो शेरा असतो. शोकातला निरुपाय तेवढा उचलून नामाने त्याला निष्क्रियतेचा दोष ठरविले आहे. म्हणून हे नाम म्हणजे वर्णन नसून आरोप आहे, आणि आरोप करणाऱ्यावर पुराव्याची जबाबदारी येते. पुराचे पाणी चढत असताना ज्या अधिकाऱ्याच्या दफ्तरी नावांची, माणसांची आणि दोरखंडांची तरतूद होती, ज्याला हुकूम देण्याचा अखत्यार होता आणि ज्याने बैठकांमागून बैठका घेऊन खेद तेवढा नोंदविला, त्याच्या वर्तनाला हा शब्द लावणे न्याय्य होईल. ज्याने रात्रभर जागून माणसे हलविली आणि सकाळी डोळ्यांत पाणी आणून बोलला, त्याला तो लावणे चूक. आणि ज्यांच्या हाती कसलाच अधिकार नाही, जे पलीकडच्या काठावर उभे राहून आपल्या घरांकडे पाहत आहेत, त्यांच्या आक्रोशाला 'हँड-रिंगिंग' म्हणणे हा तर उघड अन्याय आहे. त्यांच्याबाबत जुने, करुण क्रियापदच योग्य.

याच नामाचा आणखी एक दुरुपयोग मला अधिक सलतो. युद्ध, फाशीची शिक्षा, नव्या औषधाचे मनुष्यावरील प्रयोग यांसारख्या विषयांवर कोणी नीतीचा प्रश्न उपस्थित केला की त्याला 'हँड-रिंगर' म्हणून बाजूला सारण्याची एक रीत इंग्रजी वादविवादांत रूढ झाली आहे. वस्तुतः थांबा, आधी विचार करा, असे बजावणे हीदेखील कृतीच आहे, आणि पुष्कळदा ती धाडसाची कृती असते. १७३९ साली घंटांच्या गजरात ज्याने परिणामांची आठवण करून दिली, त्याच्या म्हणण्याला तेव्हा कोणी हेच नाव दिले असते तर ते किती अनाठायी ठरले असते, हे पुढच्या दोनच वर्षांच्या इतिहासावरून दिसते. प्रतिपक्षाच्या शंकेला उत्तर न देता तिची वासलात लावण्याचे साधन म्हणून हा शब्द हाती येत असेल तर विवेकी लेखकाने तो खाली ठेवावा.

मराठी माणसाची अडचण याहून निराळी आहे, आणि ती समृद्धीतून आलेली आहे. हातांचे वाक्प्रचार आपल्याकडे विपुल आहेत, आणि त्यांतले कित्येक इंग्रजी वाक्प्रचारांशी रूपाने जुळून अर्थाने नेमके उलटे जातात. संधी हातची गेल्यावर मराठी माणूस हात चोळीत बसतो. इंग्रजीत हात चोळणारा माणूस बहुधा खुशीत असतो, पुढे मिळणाऱ्या लाभाच्या कल्पनेने त्याचे तळवे एकमेकांवर फिरत असतात. इंग्रजी कादंबरीतल्या सावकाराने कर्जदाराला दारातून येताना पाहून हात चोळले आणि भाषांतरकाराने ते जसेच्या तसे ठेवले, तर मराठी वाचकाला वाटावे की बिचाऱ्याचे पैसे बुडाले. डिकन्सच्या 'डेव्हिड कॉपरफील्ड'मधला उराया हीप आपले लांब, ओलसर तळहात पिळून कोरडे करावेत तसे एकमेकांवर सतत घाशीत असतो. तेथे शोक नाही, पश्चात्ताप नाही, तर लाळघोटी नम्रता आणि तिच्या आड दडलेला लोभ आहे. त्याच्यासाठी मराठीत 'चोळणे' वापरावे की 'घासणे', हे ठरविताना भाषांतरकाराने थबकलेच पाहिजे.

धुण्याच्या बाबतीतही असाच घोटाळा होतो. ख्रिस्ताच्या देहान्तशिक्षेच्या प्रसंगी पाँटियस पायलेटने लोकांसमोर हात धुऊन जबाबदारी नाकारली, त्यावरून इंग्रजीत एखाद्या गोष्टीपासून हात धुणे म्हणजे तिच्याशी संबंध तोडणे. आपण अशा वेळी हात झटकतो किंवा हात वर करतो. मराठीत वाहत्या गंगेत हात धुऊन घेणारा माणूस स्वतःचा लाभ साधतो, आणि हात धुऊन मागे लागणारा तर पिच्छा सोडीतच नाही. दुसऱ्याचा हात पिरगळणे याचा इंग्रजी अर्थ पुन्हा वेगळा, सक्तीने एखादी गोष्ट करावयास लावणे. ही सारी क्रियापदे एकमेकांच्या शेजारी नांदतात, म्हणून घाईने केलेल्या भाषांतरात एकीच्या दारी दुसरी जाऊन उभी राहते.

आणि 'हात पिळणे' असा वाक्प्रचार मराठीत नाहीच. वर मी तो शब्द वापरला तो क्रिया समजावी म्हणून. भाषांतरात तो जसाच्या तसा ठेवला तर वाचकाला हातात ओले कपडे असल्याचा भास होतो. मराठीत पिळले जाते ते दुसरेच काही: शिक्षा म्हणून कान पिळतात, ऐटीने मिशांना पीळ देतात, दुर्बळाची पिळवणूक होते, आणि दुःखाने पिळवटते ते काळीज, पिळवटते ते आतडे. इंग्रजीने जो पीळ मनगटांत पाहिला तो आपण पोटात पाहिला. त्यामुळे हॅम्लेटच्या त्या उद्गाराचा हृदयाविषयीचा अर्धा भाग मराठीत सहज उतरतो आणि हातांविषयीचा अर्धा अडून बसतो. गोपाळ गणेश आगरकरांनी 'विकारविलसित' या नावाने हे नाटक मराठीत आणले, तेव्हापासून पुढच्या प्रत्येक भाषांतरकारापुढे हा पेच उभा आहे. माझा कौल असा की प्रसंग पाहून वाटणी करावी. क्रिया डोळ्यांना दिसणे आवश्यक असेल, म्हणजे नाटकात किंवा बारकाईने रंगविलेल्या दृश्यात, तेथे 'बोटांत बोटे आवळून ती हात मुरगाळीत होती' असे सरळ वर्णन करावे. मराठी वाचक ते पाहून दुःख ओळखील, त्याला वाक्प्रचाराची गरज नाही. दृश्य दुय्यम आणि मनःस्थिती मुख्य असेल तेथे 'जिवाची घालमेल', 'जीव तळमळणे' यांचा आश्रय घ्यावा. आणि वृत्तपत्री नामाचा आरोप मराठीत आणावयाचा असेल तेथे 'हातावर हात ठेवून नुसती हळहळ व्यक्त करणे' यासारखी रचना करावी, कारण नुसत्या 'हात चोळीत बसणे'मध्ये संधी निघून गेल्याचा भाव आहे आणि इंग्रजी नामात बहुधा संधी अजून शिल्लक असते.

डब्ल्यूच्या गोंधळाचे आणखी दोनतीन बळी येथेच उरकून घेतो. कठोर उलटतपासणीतून किंवा खडतर प्रसंगातून पार पडलेल्या माणसाविषयी तो 'रिंगर'मधून निघाला असे इंग्रजीत म्हणतात, तो 'रिंगर' डब्ल्यूचा: कपडे धुण्याच्या जुन्या यंत्रावर दोन रूळ एकमेकांना चिकटून बसविलेले असत आणि दांडा फिरविताच त्यांच्यामधून कपडा पाणी गाळीत पलीकडे निघे. हुबेहूब दुसऱ्यासारखा दिसणाऱ्या माणसाला 'डेड रिंगर' म्हणतात, तो मात्र डब्ल्यूविना. एखाद्या उमेदवाराला खणखणीत पाठिंबा दिला तर तो पाठिंबाही घंटेसारखा 'रिंगिंग', डब्ल्यूविना. तेथे डब्ल्यू घातला तर तो पाठिंबा त्या उमेदवाराला पिळून काढू लागतो.

वैद्यकशास्त्रातही हा शब्द येतो, आणि तेथे तो वाचताना भावनेचा अर्थ दूर ठेवावा लागतो. व्हिएन्ना येथील बालरोगतज्ज्ञ आंद्रेआस रेट यांना आपल्या रुग्णालयात वाट पाहत बसलेल्या दोन मुली हातांची अगदी एकसारखी हालचाल करताना आढळल्या, आणि त्या निरीक्षणातून जी विकृती त्यांनी १९६६ साली वर्णिली ती आज त्यांच्या नावाने ओळखली जाते. तिच्याकडे जगातल्या वैद्यांचे लक्ष वळले ते १९८३ मध्ये स्वीडनच्या बेंग्ट हागबर्ग यांनी सहकाऱ्यांसह इंग्रजीत निबंध लिहिल्यावर, आणि तिचे मूळ असलेला जनुकातील दोष १९९९ मध्ये सापडला. ही विकृती बहुतांशी मुलींमध्ये आढळते; आरंभीचे काही महिने बाळ नीट वाढते, मग हळूहळू हातांनी वस्तू धरण्याचे, खेळण्याचे कसब हरपते आणि त्याच्या जागी हात धुतल्यासारखी, पिळल्यासारखी अखंड हालचाल येते. वैद्यकीय अहवालात तिला 'हँड-रिंगिंग' असेच म्हटलेले असते. हे लक्षण आहे, चिंतेची खूण नव्हे. तो शब्द वाचून मुलगी सतत कसल्या तरी काळजीत आहे असे आईबापांनी समजू नये, हे वैद्याने त्यांना आवर्जून सांगणे अगत्याचे आहे.

जर्मन भाषेने याच मूळ शब्दाला तिसऱ्याच वाटेने नेले. तिकडे डब्ल्यू लेखनातूनही गळाला, आणि 'रिंगेन' या क्रियापदाला कुस्ती खेळणे, झगडणे हा अर्थ मुख्यत्वे उरला. पण हातांबरोबर ते आले की जुना पीळ परत येतो, आणि त्यापासून 'हेंडेरिंगेन्ड' असे क्रियाविशेषण बनले आहे. इंग्रजीत जो शब्द काहीच न करणाऱ्याला लावतात, त्याचे हे जर्मन भावंड आज जिकिरीच्या, निकडीच्या गरजेसाठी वापरतात, आणि ते सर्वाधिक आढळते नोकऱ्यांच्या जाहिरातींत व कामगारटंचाईच्या बातम्यांत. पुण्या-मुंबईच्या मॅक्स म्युलर भवनात आणि इतरत्र जर्मन शिकून परिचर्येच्या किंवा तांत्रिक कामासाठी तिकडे जाऊ पाहणाऱ्या मराठी तरुणतरुणींच्या डोळ्यांखालून तो शब्द जाणारच. अमुक रुग्णालयाला परिचारिका 'हेंडेरिंगेन्ड' हव्या आहेत असे वाचले, तर ते रुग्णालय हताश होऊन बसले आहे असा इंग्रजीवरून अर्थ काढू नये. जागा रिकाम्या आहेत, माणसे तातडीने हवी आहेत, आणि अर्ज आजच धाडावा.